मुंबईचा मे, अण्णा आणि दंडावरचा सेन्सर

जळगावच्या माणसाला मुंबईच्या उन्हाची भीती घालू नये, तो हसतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो, तरी लग्नं लागतात, वरातीपुढे लोक नाचतात आणि गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळतात. "तेहतीस अंश? एवढं तर आपल्याकडं रात्री जेवणाच्या वेळी असतं," असं म्हणून अण्णा मुंबईला निघाले. आई आली नाही. बिबड्यांची ज्वारी भिजत घातलेली असताना ती मुंबईच काय, काशीलाही गेली नसती.

अण्णा म्हणजे माझे वडील. वीज मंडळात, म्हणजे आताच्या महावितरणमध्ये, लाइनमन म्हणून उभी नोकरी झाली. मधुमेह जुना आहे, इन्सुलिन चालू आहे आणि अलीकडे डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला ग्लुकोज मोजणारी पांढरी चकती असते. तिच्या पोटातून केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि आकडे फोनवर येतात. माझ्या मनगटावर पळताना वापरायचं घड्याळ होतं. त्यामुळे ही सहल घारापुरीची आणि कान्हेरीची असली, तरी भर उन्हात ही यंत्रं गार कशी ठेवायची, हाच सगळ्या प्रवासाचा विषय होऊन बसला.

शुक्रवार: दादर, लॅमिंग्टन रोड

रात्रीच्या गाडीत पहाटे कसाऱ्याच्या आसपास फोन किंचाळला. ग्लुकोज ५८. अख्ख्या डब्यात चुळबूळ. मी अण्णांना हलवून उठवलं, तर अंगाला घाम नाही, हाताला कापरं नाही, उलट झोपमोड केली म्हणून वैताग. बोट टोचून पाहिलं, ११८. अण्णा डाव्या कुशीवर, नेमके सेन्सरवरच झोपले होते. हा सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही, पेशींच्या मधल्या पाण्यातली मोजतो. दंड दाबला गेला की तिथला द्रव पुरेसा फिरत नाही आणि आकडा उगाच खाली येतो. कूस बदलल्यावर थोड्या वेळात आकडा ताळ्यावर आला. बर्थ अरुंद असतो, म्हणून झोपण्याआधी कुठला दंड भिंतीकडे येतोय ते बघून घ्या.

मावशी प्रभादेवीला राहते. दारातच तिने विचारलं, "भाऊजी, दंडाला हे काळं काय बांधलंय?" ते काळं म्हणजे माझ्या चुलतभावाने दिलेला जाड इलॅस्टिकचा पट्टा. सेन्सर कुठे आपटू नये म्हणून. तो पट्टा पुढे बराच गाजणार होता.

न्याहारीला शिवाजी पार्कजवळच्या 'प्रकाश'मध्ये गेलो. मी साबुदाणा वडा आणि पियुष घेतलं, अण्णांनी थालीपीठ. मग माझ्या पियुषकडे इतका वेळ बघितलं की दोन चमचे द्यावेच लागले. बाहेर पडून शंभर पावलं चाललो असू, तेवढ्यात अण्णांचा सदरा पाठीला चिकटला. जळगावात ४४ अंशांत घाम दिसत नाही, कारण येतो तसा उडून जातो. इथे तो येतो आणि मुक्कामाला राहतो. अण्णा थांबले, कॉलर मागे ओढली आणि म्हणाले, "हवा ओली आहे गं. इथं काही वाळायचंच नाही."

हे वाक्य पुढचे सगळे दिवस खरं ठरत गेलं.

दुपारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी त्या नावाने विचाराल तर कोणी सांगणार नाही. रेझिस्टरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं मिळतं आणि दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. अण्णांना इथून टेम्परेचर गन घ्यायची होती. खटका दाबला की समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी. सबस्टेशनात गरम झालेले जोड हुडकायला असली यंत्रं वापरतात, त्यामुळे त्यांचा हात बसलेला. दुकानदाराने गन एसीच्या जाळीवर धरून "बघा, सोळा" म्हटलं. अण्णांना ते पटलं नाही. शेजारच्या टपरीवरून स्टीलच्या पेल्यात उकळता चहा मागवला आणि गन पेल्यावर धरली, तर ३६. पेला तर हातात धरवत नव्हता. मग त्यांनी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा मागून पेल्याला चिकटवला आणि गन टेपवर धरली. ७१. दुकानदार फोन बाजूला ठेवून बघायला लागला.

चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परतवतो, त्यामुळे ही गन तिथे फसते. कापड, कातडी, प्लॅस्टिक, टेप यांवर ठीक चालते. दुसरं, जितकं लांबून धराल तितका मोठा गोल ती मोजते. आमच्या गनवर १२:१ लिहिलं होतं, म्हणजे १२ सेंटिमीटरवरून १ सेंटिमीटरचा ठिपका. सेन्सरसारख्या छोट्या वस्तूला जवळूनच धरावी लागते. आणि तिचा लाल लेझर पोरांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका.

येताना टॅक्सी केली. माझा फोन समोरच्या काचेपाशी नकाशा दाखवत, चार्जिंगला लावलेला. मुंबई सेंट्रलच्या सिग्नलला स्क्रीन काळी झाली आणि फोन गरम झाल्याची सूचना आली. अण्णांचे आकडे त्याच फोनवर. चालक रत्नागिरीकडचा होता. त्याने काही न बोलता आपल्या एसीच्या झडपेवर बसवलेला स्टँड काढून माझा फोन त्यात अडकवला. "ताई, उन्हात काचेखाली, वर चार्जिंग, वर मॅप. तीन-तीन बाजूंनी तापणार ना तो. आम्ही दिवसभर हेच करतो, म्हणून झडपेवर." पाचेक मिनिटांत फोन शुद्धीवर आला.

प्रवासभर असंच दिसलं. दंडावरचा सेन्सर बराच सोशिक असतो. आधी मान टाकतो तो फोन.

शनिवार: ससून डॉक आणि घारापुरी

पहाटे साडेपाचला कुलाब्याला ससून डॉक. हा धक्का १८७५चा. अजून नीट उजाडलं नव्हतं तरी आत बाजार भरात. सुरमई, बांगडे, कोळंबीचे ढीग, हातगाड्यांवरून घसरत येणारा बर्फाचा चुरा आणि "बाजू, बाजू" असं ओरडत अंगावर येणारे हमाल. चप्पल घालून जाऊ नका, पाय धरतील असे बूट घाला. फोन खिशात ठेवा, तिथे फोटो काढलेले चालत नाहीत.

एका कोळणीने टोपलीवर ओलं गोणपाट टाकलेलं, आणि शेजारीच थर्माकोलच्या पेटीत बर्फात दाबलेली कोळंबी. अण्णा तिच्यापाशीच थांबले. घरून आम्ही इन्सुलिनसाठी पाण्यात भिजवायची थैली आणली होती. तिच्या आतले दाणे पाणी पिऊन फुगतात आणि ते पाणी उडत राहिलं की आतलं इन्सुलिनचं पेन गार राहतं. जळगावात ही थैली एक नंबर चालते. मुंबईत आल्यापासून मात्र ती नुसतीच ओली होती. अण्णांनी तिला विचारलं, "गोणपाटाखाली ठेवता ते आणि बर्फात ठेवता ते, ठरवता कसं?"

तिने कोळंबी चाळता चाळताच उत्तर दिलं. "वारा हाय तवर गोणपाट. वारा पडला की बरफच पायजे. काय घेताव, सांगा."

अण्णांनी मान डोलावली आणि मांसाहार न करणाऱ्या मावशीसाठी अर्धा किलो कोळंबी घेतली. ती नंतर शेजाऱ्यांकडे गेली.

कोळणीचं गणित कागदावरही बरोबर येतं. पाणी उडून गारवा मिळतो त्याला तळ असतो आणि तो हवेतल्या दमटपणावर ठरतो. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या कापडाने साधारण २३ अंशांपर्यंत उतरता येतं. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत तळच २८ला लागतो, तोही वारा असेल तर. बहुतेक इन्सुलिन पेनांच्या माहितीपत्रकात वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या खाली ठेवा, असं लिहिलेलं असतं. म्हणजे मुंबईत ही थैली जेमतेम काठावर पास होते आणि बंद बॅगेत ठेवली तर नापास.

मावशीकडून मग स्टीलचा रुंद तोंडाचा थर्मास घेतला. त्यात फ्रिजमधल्या गार पाण्याची छोटी बाटली, तिच्याभोवती रुमाल आणि रुमालाच्या बाहेर पेन. बर्फ थेट पेनाला लागू द्यायचा नाही. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही ते टाकूनच द्यावं लागतं.

गेटवेवरून नऊची लाँच. वरच्या डेकचे वेगळे पैसे घेतात, पण वारा तिथेच असतो. उन्हाची तिरीपही तिथेच. तासाभराच्या प्रवासात अर्ध्यावर अण्णांनी फोन दंडाला लावला, तर आकड्याच्या जागी सूचना: सेन्सर खूप गरम आहे, थोड्या वेळाने पुन्हा पाहा. हवा तर ३३-३४चीच, शिवाय झुळूक. अण्णांनी गन काढली. दंडावरचा काळा पट्टा, ५१. शेजारीच बाहीचं पांढरं सुती कापड, ३७. समोर बसलेल्या गुजराती कुटुंबाला वाटलं ताप बघतायत, त्यांनी आपल्या आजोबांचं कपाळही पुढे केलं.

पट्टा तिथल्या तिथे निघाला. बाही सैल करून खाली ओढली, वरून अण्णांनी आपला पांढरा बागायती रुमाल खांद्यावर टाकला. थोड्या वेळाने बाही उचलून चटकन मोजलं, चकती ३५. आकडा आला, १४२. माहितीपत्रकानुसार या जातीचा सेन्सर १० ते ४५ अंशांत काम करतो. कातडी स्वतः ३३-३५ची असते आणि ती एका बाजूने त्याला सांभाळून असते. ऊन दुसऱ्या बाजूने मारतं. आत साखरेशी क्रिया करणारं एन्झाइम बसवलेलं असतं, त्याचा वेग तापमानावर हलतो. म्हणून फार तापलं की यंत्र चुकीचा आकडा देण्याऐवजी गप्प बसतं. मला तरी हे आवडलं. माणसांनीही शिकण्यासारखं आहे.

वेधशाळा जो ३३चा आकडा देते तो सावलीतला असतो, हे आपण विसरतो. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवलेल्या तापमापकाचा. तुमचा दंड काही त्या पेटीत नसतो.

घारापुरीला अण्णांना लेण्यांपेक्षा केबल बघायची होती. बेटावर शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशा तीन वस्त्या, आणि तिथे कायमची वीज पोचली ती थेट फेब्रुवारी २०१८मध्ये, समुद्राच्या तळाखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर, बस्स. केबल अर्थातच दिसत नाही, ती समुद्राखाली आहे. पण ट्रान्सफॉर्मर दिसला आणि अण्णा त्याच्यासमोर असे उभे राहिले की बडव्यांनीही हात जोडले असते. "बघ, रंग करडा-पांढरा, अंगाला पंख आणि आत तेल. गार ठेवायचं म्हणजे एवढंच असतं. ऊन घेऊ नको, आतली उष्णता अंगाबाहेर आण आणि वाऱ्याला दे." मी म्हटलं, "मग तुमच्या पुतण्याचा पट्टा?" ते म्हणाले, "तो पोरगा मार्केटिंगला आहे."

जेट्टीपासून लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं आणि वर निळी ताडपत्री. सावली मिळते, पण वारा अडतो. चढताना माझ्या घड्याळाने नाडी १७८ दाखवली. मी अण्णांच्या चालीने चढत होते, गळ्यापाशी बोट लावून मोजली तर ११०. घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत सोडून परत येणाऱ्या उजेडावरून नाडी ओळखतं. पट्टा घामाने निसटायला लागला की उजेड गळतो आणि कधी कधी ते नाडीऐवजी पावलांचाच ठेका मोजायला लागतं. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवून, कोरडं पुसून घट्ट बांधलं की सुधारतं. घड्याळाच्या काळ्या काचेवर गन धरली तर ४६. अ‍ॅपल आपल्या बहुतेक घड्याळांसाठी आजूबाजूचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं. म्हणजे जळगावात मे महिनाभर दुपारी ते नियमाबाहेर, आणि मुंबईत सावलीत असेल तर काठावर.

पायऱ्या संपता संपता माकडाने झडप घातली. माझ्या हातातली कापडी पिशवी फाडून त्याने नेमका ग्लुकोज बिस्किटांचा पुडा नेला, म्हणजे अण्णांची साखर उतरली तर द्यायचा ऐवज. दहा फुटांवर बसून त्याने तो आमच्याकडे बघत खाल्ला. सरबतवाल्या बाईंनी कागदाच्या पुडीत साखर बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. त्या मोराबंदरच्या. "आधी बर्फ लाँचमधून यायचा, अर्धा वाटेतच पाणी. आता घरी फ्रीझर आहे," असं त्यांनी सांगितलं मात्र, अण्णा अशा काही खुलले की जणू ती केबल त्यांनीच ओढली होती. साखर किंवा ग्लुकोजची पावडर खिशात ठेवा, बंद डबीत. लेणी सोमवारी बंद असतात.

लेण्यांत शिरलं की पहिल्या क्षणी डोळ्यांना काही दिसत नाही आणि अंगाला सगळं कळतं. वीसेक फूट उंचीच्या त्या सदाशिवासमोर आम्ही बराच वेळ बसलो. अण्णांनी गन काढली तेव्हा मीच त्यांचा हात खाली केला.

रात्री मावशीकडे आमरस. अण्णांच्या वाटीत दोन चमचे, आलेखावर तरी डोंगर. माझी मावसबहीण पवईला मटेरियल सायन्स शिकते. दुपारच्या काळ्या पट्ट्याची गोष्ट ऐकून ती जेवण सोडून उठली आणि वही घेऊन आली. तिचं म्हणणं असं की पांढरा रंग ही अर्धीच गोष्ट. सगळ्या वस्तू उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकतात आणि त्यातल्या ८ ते १३ मायक्रोमीटर लांबीच्या लहरींना वातावरण फारसं अडवत नाही, त्या खिडकी उघडी असल्यासारख्या सरळ अवकाशात निघून जातात. एखादा थर ऊन परतवेल आणि त्याच खिडकीतून उष्णता बाहेर फेकेल, तर तो भर दुपारीही हवेपेक्षा गार राहू शकतो. २०१४मध्ये स्टॅनफर्डला आस्वथ रामन आणि सहकाऱ्यांनी गच्चीवर, भर उन्हात, हवेपेक्षा जवळपास ५ अंश गार राहणारा थर करून दाखवला. २०२०मध्ये मिसुरी विद्यापीठात झेंग यान यांच्या गटाने अंगावर लावायच्या सेन्सरसाठी सच्छिद्र, रबरासारखा आधार तयार केला. तोही वीज न वापरता कातडीला काही अंश गार ठेवतो आणि घामाला वाट देतो. २०२३मध्ये हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतून पातळ, मऊ थर आला. त्यात ऊन परतवणारे टायटॅनियम डायऑक्साइडचे कण आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या सिलिकाच्या पोकळ गोळ्या. तो लावल्यावर वीज वाहून तापलेल्या तारेचं तापमान १४०वरून ८४ अंशांवर आलं.

"मग हे आपल्या दुकानात कधी?" मावशीने विचारलं.

"दुकानात येईल तेव्हा येईल, पण मुंबईत अजून एक गोची आहे," बहीण म्हणाली. "हवेतली वाफ ती खिडकीच अर्धवट झाकते. जळगावच्या कोरड्या आकाशाखाली हा थर जास्त चालेल, इथे कमी."

अण्णा वाटी चाटून पुसत होते. "म्हणजे थैलीचंही तेच, थराचंही तेच. मुंबईत सावली आणि पंखा."

रविवार: कान्हेरी

बोरिवलीला एसी लोकलने गेलो. रविवार असूनही गर्दी होती. दाराजवळच्या खांबाला अण्णांचा दंड घासला आणि सेन्सरची एक कड उचलली गेली. काळ्या पट्ट्याच्या समर्थकांना इथे एक गुण द्यायला हवा. गाडीतून फलाटावर उतरलो आणि अण्णांचा चष्मा, माझं घड्याळ, फोन, सगळ्यावर धुकं. गार वस्तू दमट हवेत आली की असं होतंच. म्हणूनच तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नका, आत पाणी धरेल. पंख्याखाली, कव्हर काढून, बंद करून ठेवला की पुरे.

कड चिकटवायला औषधाच्या दुकानातून कागदी टेप घेतली. आधी घाम टिपला, स्पिरिटचा बोळा फिरवला, तो पूर्ण वाळू दिला आणि मगच टेप लावली. वाळू देण्याचं काम मुंबईत फुंकर मारून होत नाही, म्हणून दुकानदाराने काउंटरवरचा टेबलफॅन आमच्याकडे वळवला. काही सेन्सरच्या मधोमध हवेसाठी बारीक भोक असतं, टेप त्यावर जाता कामा नये. आदल्या दिवशी तेल किंवा पावडर लावलेल्या कातडीवर तर काहीच टिकत नाही. शक्य असेल तर नवा सेन्सर घरीच, पंख्याखाली बसवून निघा. आणि खांद्याची बॅग ज्या बाजूला अडकवता त्याच्या दुसऱ्या दंडावर.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर आत. आतली बस मिळाली. ज्यांनी भाड्याच्या सायकली घेतल्या होत्या त्यांचे चेहरे वरच्या चढावर बघवत नव्हते.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि सगळा डोंगर उघडा, काळा बेसॉल्ट. अकराच्या सुमाराला गन पायाखालच्या कातळावर धरली, ५४. चैत्याच्या आत, खांबाच्या बुंध्याला, २९. मधे फक्त वीस पावलं. पण अण्णांना खिळवून ठेवलं ते पाण्याच्या टाक्यांनी. जवळपास प्रत्येक लेण्याबाहेर कातळात खोदलेली पोढी आणि वरच्या उतारावरून त्यांत पाणी आणणारे बारीक पन्हाळ. काही टाक्यांत मे महिन्यातही तळाला पाणी होतं. पन्हाळाचा उतार किती, गाळ कुठे बसत असेल, पहिलं टाकं भरल्यावर पाणी कुठे वळत असेल, हे ते बोटांनी दगड चाचपत बघत राहिले. एका पन्हाळाच्या वळणावर छिन्नीचे घाव दुपटीने दाट होते. अण्णांनी मला वाकून बघायला लावलं. पाण्याने वळणावर दगड खाऊ नये म्हणून तिथे जास्त घासून काढलाय, असा त्यांचा तर्क. मला तो पटला. पाटीवर मात्र यातलं काही नव्हतं.

यात पाऊण तास भर उन्हात गेला आणि वरच्या लेण्यांच्या पायऱ्यांवर अण्णा एकदम अबोल झाले. फोन काढला तर तो तापून मंद पडलेला, उजेडात स्क्रीन दिसेना. जवळच्या लेण्यात शिरलो, ओट्यावर बसवलं. फोन शुद्धीवर यायची वाट न बघता बोट टोचलं, ७४. सरबतवाल्या बाईंची साखर कामी आली. दहा मिनिटांनी फोनने ७९ आणि खाली जाणारा बाण दाखवला, तोवर बोटाचा आकडा ९६वर चढलाही होता. सेन्सर असाच काही मिनिटं मागे असतो, साखर झपाट्याने बदलत असली की हा फरक जास्त जाणवतो.

उन्हात कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो, टोचलेलं इन्सुलिन लवकर शोषलं जातं, त्यात चढणीची मेहनत. म्हणून उन्हाच्या सहलीआधी डोसाबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावं. बोट टोचायचं साधं यंत्र आणि पट्ट्याही जवळ हव्यातच. तीही थर्मासच्या पिशवीत ठेवा, त्यांनाही ऊन सोसत नाही.

पायऱ्यांवर एक आदिवासी बाई जांभळं आणि करवंदं विकत होती. अण्णांनी जांभळं घेतली. "मधुमेहाला चांगली," म्हणाले आणि पाव किलो संपवली. चांगल्याचंही प्रमाण असतं, हे मी मनात म्हटलं. परत जाताना बसमध्ये त्यांचा मूड इतका सुधारला की त्यांनी चालकाला इंजिनाचं तापमान मोजून देऊ का विचारलं.

सोमवार: राणीची बाग आणि परती

सोमवारी घारापुरीही बंद आणि बोरिवलीचं उद्यानही. भायखळ्याची राणीची बाग उघडी असते, ती बुधवारी बंद. तिथे जुन्या झाडांची सावली इतकी दाट आहे की गनवर पायवाट ३१च्या वर गेली नाही. सगळ्या प्रवासात सेन्सर, फोन आणि घड्याळ तिन्ही एकाच वेळी सुखात होते ते इथेच.

पेंग्विन बघायला पोरांची रांग. २०१६मध्ये आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन १६ ते १८ अंशांत ठेवतात. काचेपलीकडे ते पाण्यात सूर मारतायत, पोरं किंचाळतायत, आणि अण्णा तिथल्या रखवालदाराला विचारतायत, "लाईट गेली तर? जनरेटर किती वेळात उचलतो?" रखवालदाराला आधी वाटलं तपासणीला कोणी साहेब आलाय. तो ताठ उभा राहून उत्तरं द्यायला लागला. लोड कितीचा, हे त्याला सांगता येईना, तेव्हा अण्णांनी छताकडच्या डक्टकडे बघत मनातल्या मनात आकडेमोड केली आणि समाधानाने मान हलवली. मला मात्र त्या गारव्यात एक वेगळंच दिसलं. बोटं गार पडली तशी माझ्या घड्याळाची नाडी चाचपडायला लागली, कारण कातडीतलं रक्त आत सरकतं. म्हणजे फार गारही या यंत्रांना मानवत नाही.

संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर ताडगोळे दिसले. जळगावात असे मिळत नाहीत, म्हणून आईसाठी दोन डझन घेतले. विकणाऱ्या मावशी वसईच्या. त्यांनी ते पळसाच्या पानात बांधून दिले आणि "गार ठेवा, सकाळपर्यंत खा," म्हणून बजावलं. गार ठेवायला आमच्याकडे एकच जागा होती. गाडी सुटेपर्यंत आमचा त्यावर वाद चालला. अण्णांचं मत, पेनाला तीस अंश चालतात, एसी डब्यात तेवीस आहे, तेव्हा थर्मासवर पहिला हक्क ताडगोळ्यांचा. माहितीपत्रक काढून बघितलं तर त्यांचंच बरोबर होतं. पेन शर्टाच्या खिशात गेलं, ताडगोळे गार पाण्याच्या बाटलीशेजारी. मावतील तेवढे थर्मासमध्ये आणि उरलेले अण्णांनी कल्याण यायच्या आत सोलून, बाण वर जातोय का ते बघत बघत, संपवले.